सिदाची लांब पायाची फुली

माधवनगरहून फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या दुकानात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापत होतो. "सिदा गेला," त्याचा मेहुणा म्हणाला. "शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसला, त्यो उठलाच न्हाई…" पुढाऱ्याचा निम्मा चेहरा निळा छापून निघाला, तरी माझं लक्ष नाही. एरवी मी भरपूर थापा मारतो, पण ही गोष्ट खरी सांगतो: वाईट वाटायच्या आधी मला भीती वाटली. त्याचं घर सोडलं तर जगात आम्हा दोघांनाच ठाऊक असलेलं एक गुपित होतं, ते आता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. आणि ज्याच्यापासून ते लपवलं, तोच समोर निळा होऊन हात जोडून हसत होता. त्यांचं नाव लिहीत नाही, नुसतं दादा म्हणतो. साताऱ्यात दगड भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या दादालाच लागतो, तेवढाच मला आडोसा.

पंचवीसेक वर्षं झाली. आमच्या कॉलेजात तेव्हा सरळ निवडणूक नव्हती. वर्गात पहिला येईल तो आपोआप वर्गप्रतिनिधी, म्हणजे सी.आर. व्हायचा. असे सतरा सी.आर. मिळून एक सेक्रेटरी निवडायचे आणि तो पुढं विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळासाठी मत द्यायला जायचा. म्हणजे अख्ख्या कॉलेजचं राज्य सतरा चष्म्यांच्या हातात! ज्यांना कधी कुणी क्रिकेटमध्ये बारावा गडी म्हणूनसुद्धा घेतलं नाही, त्यांच्यामागं आठवडाभर जिपा फिरायच्या. मतदानाआधी तीन दिवस त्यांना 'सहलीला' नेऊन ठेवायचं, अशी रीतच पडून गेली होती. सिदा, म्हणजे सिद्धनाथ, आमच्या वर्गात पहिला. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. इतका बारीक, की वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेवून कॉलेजला यायचा. (मी पाहिलेत ते दगड. निदान एक तरी.) मी नापास होऊन त्याच्या बाकावर आलेलो, आणि माझे दंड तेव्हा जात्याएवढे. म्हणून सेक्रेटरीपदाला उभ्या राहिलेल्या दादांनी त्याची राखण माझ्याकडं दिली.

पाटणच्या वर डोंगरात दादांच्या पाहुण्यांचं घर होतं. दादांच्या बाजूचे बाकीचे आठजण महाबळेश्वरला भजी खात होते, आणि हा एकटाच माझ्याबरोबर, कारण याचा भरवसा नव्हता. दादांच्या विरोधात उभी होती हॉस्टेलवरची वैशाली. वाचनालय संध्याकाळीही उघडं ठेवायला लावीन, एवढंच तिचं म्हणणं. आणि सिदाचा मुक्काम वाचनालयातच असायचा. दादांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सिदू, मत गुप्त असतंय म्हंत्यात. आमच्यात नसतंय." मग खुणा वाटल्या. नऊजणांना नऊ तऱ्हेच्या फुल्या: कुणाची कोपऱ्यात, कुणाची दुहेरी रेघेची. सिदाची फुली लांब पायाची, उजवा पाय चौकटीबाहेर आलेला. मोजणीला मी दादांचा प्रतिनिधी म्हणून बसणार आणि कुणी दगा दिला ते फुलीवरून सांगणार. सिदाचं जेवणच गेलं. मी म्हटलं, "खा की रं गड्या, तुला काय फाशी द्यायला न्हेलाय व्हय?" तो म्हणाला, "अरं, फाशीला एकदाच भ्यायचं असतंय." तीन दिवस मी त्याच्याकडून पाटीवर ती फुली गिरवून घेतली. सकाळी शंभर, दुपारी शंभर. अक्षर सुंदर असलेल्या माणसाला वेडीवाकडी फुली शिकवणं म्हणजे बैलाला पोहायला शिकवण्यापेक्षा अवघड. पण पहिल्या नंबराचाच पोरगा तो, शिकला.

मोजणीच्या खोलीत सर एकेक चिठ्ठी उलगडून दाखवत होते. आमच्या आठ फुल्या बरोबर दादांच्या नावापुढं पडल्या. वैशालीच्याही आठ झाल्या. शेवटची चिठ्ठी उघडली… लांब पायाची फुली, पाय चौकटीबाहेर, अगदी पाटीवरच्यासारखी. वैशालीच्या नावापुढं. माझे जात्याएवढे दंड पापडासारखे झाले. पाणी मागितलं, तर ते पाठीवरून आधीच वाहत होतं.

जिमखान्यामागं दादा उभे होते, बरोबर चौघं. "कुणाची फुली फुटली?" नाव माझ्या जिभेवर होतं. पण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: त्याची राखण कुणाकडं हुती? मी म्हणालो, "दादा, कायबी कळंना. हुशार पोरं हायती. सगळ्यांनी शाळंत शिकीवल्यागत नेटकी फुली मारलीया, एकानंबी खूण केली न्हाई." दादांची जी थप्पड बसली, तिनं दोन दात पडले. (हलला एकच. पण आवाज दोघांचा झाला.)

सिदा मला एसटी स्टँडवर सापडला, सांगलीच्या गाडीसमोर पाय पोटाशी घेऊन बसलेला. माझा सुजलेला गाल बघून त्याचे ओठ पांढरे झाले. "सांगितलंस?" "न्हाई." तो रडायलाच लागला. मी विचारलं, "अरं येड्या, मत तिला दिलंस ते दिलंस, खूण कशाला केलीस?" तो म्हणाला, "सहाशेदा गिरवून घेतलीस की रं तू… हात तसाच चालला. घडी घातल्यावर ध्यानात आलं." त्या दिवसापासून त्याच्या लेखी मी शूर ठरलो. ते मी कधी नाकारलं नाही. दर दिवाळीला मी माधवनगरला जायचो, त्यानं मुलांपुढं माझं कौतुक करायचं आणि मी दुसऱ्या दाताची जागा दाखवायची.

दिवसकार्यानंतर एका सकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटावरून तीन पत्र्याचे डबे काढले, झाकणांना भोकं पाडलेले. "शाळेत वर्गमंत्री निवडायला हे डबे न्यायचे. उभ्या राहिलेल्या पोरांची नावं डब्यांना, आणि पोरांनी पडद्यामागं जाऊन एकेक चिंचोका टाकायचा. चिठ्ठी नको म्हणायचे. फुली ओळखू येते, चिंचोके सगळे सारखे."

मला राहवलं नाही. "वहिनी, तो तुम्हाला सांगायचा तसा मी शूर नव्हतो. मी माझ्या जिवाला भ्यालो होतो. म्हणून बोललो नाही."

"ठाऊक होतं की त्यांना," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, तो माझ्याएवढाच भ्याला हुता, म्हणून त्यानं असं खोटं शोधलं की कुणाचंच नाव लागंना. शूर असता तर खरं बोलून बसला असता, आणि मी मेलो असतो."

आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात एकसुद्धा थाप आली नाही. उगीच डब्यांसोबत ठेवलेला एक चिंचोका उचलला आणि मधल्या डब्यात टाकला. पत्र्यावर टण्‌कन वाजेल म्हणून दचकून दाराकडं बघितलं, जुनी खोड… पण काहीच वाजलं नाही. झाकण काढून बोट घातलं. आत तळाला, कडांना, वर भोकाच्या ओठापर्यंत सिदानं जुन्या धोतराचं मऊ कापड टाके घालून बसवलं होतं. कुठल्या डब्यात पडलं, ते बाहेरच्याला ऐकूसुद्धा येऊ नये म्हणून.