एकशे आठ नंबरची तक्रार

रेमिहिओ शिंपी पोलीस ठाण्यात एकच गोष्ट लिहून घ्यायला आला होता. क्रिसान्तोला मारताना ते तिघे काय ओरडत होते, ती. तीन बरगड्या मोडल्या, जबडा फुटला, हे इस्पितळाच्या कागदावर होतंच. पण भरबाजारात, लोकांच्या डोळ्यांदेखत, "ए एकशे आठ! मेलास तर गावाची घाण जाईल!" असं ओरडत त्याला तुडवलं होतं, आणि ते कुठेच नव्हतं.

आपल्याकडे एकशे आठ मण्यांची जपमाळ ओढतात. पाराग्वेत हा आकडा म्हणजे शिवी. जुन्या हुकूमशाहीत पोलिसांनी एकशे आठ पुरुषांना पुरुषांवर प्रेम करतात या संशयावरून धरलं, तेव्हापासून तो कुणालाच नको असतो. ना दारावर, ना गाडीच्या पाटीवर.

गावातल्या अर्ध्याअधिक नवरदेवांचे कोट रेमिहिओच्या हातचे. माप देताना "हात जरा सांभाळून हं!" म्हणून दात काढणारे तेच, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी "डॉन रेमिहिओ, तेवढी बाही आखूड करा ना" म्हणून दारात उभे राहणारेही तेच. निर्लज्ज लेकाचे! तो हसून सोडून द्यायचा. एकतीस वर्षं क्रिसान्तो त्याच्या घरात राहत होता, काजं-बटणं करत होता, दुपारी दोघांसाठी तेरेरेचा, म्हणजे माते पाल्याच्या गार पेयाचा, पेला भरत होता. हा कोण म्हणून कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं.

फौजदार इन्स्फ्रानने रजिस्टर पुढे ओढलं. "जखमीचं तुमच्याशी नातं?"

"मामेभाऊ," रेमिहिओ बोलून गेला. एकतीस वर्षांची मेली सवय, नको त्या वेळी आडवी आली.

"मग झालं तर! मामेभावाला कोण कशाला तसल्या कारणावरून मारेल? प्यायले असतील, जुंपली असेल. मारामारी लिहितो."

"तो थेंबभर घेत नाही, साहेब. ते काय ओरडत होते ते लिहा. अख्ख्या बाजाराने ऐकलंय."

"लिहून उपयोग काय? चोरीचं कलम आहे, मारामारीचं आहे. द्वेषाने मारलं म्हणून कलम नाही, आणि तुमच्यासारख्यांसाठी तर नाहीच नाही. कायद्याला तसलं काही दिसतच नाही."

वरची तक्रार गाय चोरीला गेल्याची होती, नंबर एकशे सात. तिच्याखाली इन्स्फ्रानने 'मामेभाऊ' लिहिलं आणि सवयीने नंबर टाकला, १०९.

रेमिहिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मधला नंबर कुठे गेला?"

"तो... तो आम्ही कुणाला देत नाही. लोक भांडायला उठतात."

"कायद्याला दिसत नाही म्हणता, आणि तुमच्या पेनाला बरा दिसला! द्या तो मला."

"आवाज खाली, डॉन रेमिहिओ."

"साठ वर्षं खालीच होता! मामेभाऊ नाही तो माझा. नवरा आहे. एकतीस वर्षं माझा नवरा आहे. लिहा!"

बाकावरच्या एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. दोघे शिपाई तोंडावर हात धरून हसत होते. इन्स्फ्रानने पेन टेबलावर आपटलं. रेमिहिओने ते उचललं, रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, नंबर खोडून १०८ केला, 'मामेभाऊ' खोडून 'नवरा' लिहिलं. मग त्या तिघांची ओरड शब्दन् शब्द उतरवली आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

"सरकारी रजिस्टर आहे ते! आत टाकीन तुम्हाला!"

"टाका की. बघू, माझ्यासाठी तरी कलम सापडतंय का."

सापडलं. सरकारी दस्तऐवज बिघडवल्याचं. इन्स्फ्रानला शोधावंही लागलं नाही, पाठच होतं ते. रेमिहिओला त्याच दुपारी कोठडीत बसवलं. त्या तिघांना मारामारीचं कलम लागलं, आणि ते रात्रीच्या जेवणाला आपापल्या घरी होते.