अनुस्वारावरचा नेम

वर्ध्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक घडीवाले माझ्या रोजच्या ओळखीचे होते. शाळेत शिकवून झालं की मी त्यांच्या दुकानात टेकायचो. डोळ्यावरचं भिंग न काढताच ते बोलत, त्यामुळे माझ्यातलाही बिघाड शोधताहेत असं वाटे.

एकदा पवनारकडचे एक गृहस्थ छर्र्याची बंदूक घेऊन आले. तिच्यावर बसवायला घडीवाल्यांपाशी दोन जुन्या दुर्बिणी होत्या. गृहस्थांनी मोठी उचलून डोळ्याला लावली.

"हे काऊन नाचून राह्यलं?"

"तुमचाच हात नाचून राह्यला, भाऊ. मोठी दुर्बीण थरथरही मोठी दाखवते. लहान घ्या."

"तुम्हाले घड्याळातलं समजते, बंदुकीतलं नाई!"

घडीवाल्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी लहान दुर्बीण बंदुकीवर कसली, रस्ता ओलांडला, माणसं बाजूला केली आणि आपल्याच दुकानाच्या पत्र्याच्या पाटीवर नेम धरला. पाटीवर लिहिलं होतं, 'घड्याळांचा दवाखाना'. पहिला छर्रा अक्षरांच्या खाली लागला.

"दुर्बीण नळीच्या वर बसते ना, म्हणून," असं म्हणत त्यांनी दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवला. दुसऱ्या छर्र्यानं 'ळां'वरचा अनुस्वारच उडाला!

बाजार टाळ्या पिटत हसत सुटला. गृहस्थांनी "हेच पाहिजे, हेच!" म्हणत बंदूक दुर्बिणीसकट छातीशी धरली. घडीवाल्यांनी भररस्त्यात गिरकी घेतली आणि धापा टाकत मला विचारलं,

"मास्तर, व्याकरण चुकलं का?"

"नाही, पण आता हा एकाच घड्याळाचा दवाखाना झाला."

"बरं झालं," ते म्हणाले, "काम कमी झालं!"