कौलं झेलणारे बापू

बापू मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या शाळेच्या छपरावर, आणि ते मला हसत होते. कोल्हापुरातल्या आमच्या शाळेची कौलं बदलायचं काम चाललं होतं. खाली मैदानावर आम्हा मुलींचा क्रिकेटचा सराव होता आणि मी ओळीने तिसरा झेल सोडला होता. "अगं पोरी, झेलायलीस का टाळ्या वाजवायलीस?" वरून आवाज आला. मला असा राग आला! पण तेवढ्यात खालच्या गड्याने कौल वर भिरकावलं आणि बापूंनी माझ्याकडे बघत बघतच ते धरलं. आम्हाला प्रशिक्षक नव्हता. संध्याकाळी मीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, शिकवा.

बापू मलकापूरकडचे, साठीचे. आवाज दोन गल्ल्यांना पुरून उरेल असा. "पावणं आलं की दारात जातोय न्हवं आपण? मग हात फुडं काढ की! बॉलला सामोरं जायचं." आम्ही गेलो सामोऱ्या. पंधरा दिवसांत माझी भीती पळाली.

आणि मग एक उंच चेंडू थेट माझ्या पुढे रोखलेल्या बोटांवर आदळला. मधलं बोट टम्म सुजलं. बाबांनी फर्मान काढलं, क्रिकेट बंद. जिल्हा संघाची निवड तीन आठवड्यांवर होती आणि माझ्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष. मी जेवण सोडलं, अबोला धरला. बाबा बधले नाहीत.

चौथ्या दिवशी बापू घरी आले. त्यांच्याच दोन बोटांना चिंधी बांधलेली.

"साहेब, पोरीचं काय चुकल्यालं न्हाय. चूक माझी हाय," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "कौल खालनं येतंय. वर पोचंस्तोवर त्याचा जोर सरतोय, तवा बोटं फुडं काढून धरलं तरी चालतंय. बॉल वरनं जोर घिऊन येतोय. त्याला तळवा द्याचा, आन् हात त्याच्यासंगं छातीकडं आणायचा. मला वाटलं, झेलणं म्हंजे झेलणं. तीन दिस गड्याला बॉल टाकाय लावलं, सोता झेललं, तवा उमगलं."

बाबांनी उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. त्यांच्या ऑफिसात इतक्या सरळपणे चूक कबूल करणारं माणूस त्यांना भेटलं नसावं. मग म्हणाले, "बापू, बसा आधी. बोट बरं झालं की पाठवतो तिला."

निवडीच्या दिवशी बापू सीमारेषेबाहेर उभे होते, आणि चक्क गप्प. पहिला उंच चेंडू आला. मी तळवे दिले, हात छातीशी आणले. दुसरा. तिसरा. एकही सुटला नाही. निवड समितीतल्या बाईंनी बापूंना विचारलं, "कोच तुम्हीच का?"

"न्हाय वो. आधी चुकीचं शिकवलंतं, ते निस्तराय आलोय."

माझं नाव यादीत आलं. ते ऐकून बापू रडले, आणि मला म्हणाले, डोळ्यात धूळ गेली.

बापू गेल्या वर्षी गेले. मला त्यांची फार आठवण येते. मी आता उचगावात मुलींना शिकवते. परवा एकीने चार झेल सोडले आणि बोलणी खायच्या तयारीने मान खाली घालून उभी राहिली. मी चेंडू उचलला आणि म्हटलं, "मी शिकवलंय अगदी तसंच कर. माझं काय चुकलंय ते मला बघायचंय."