शोभाताईंची आसनं आणि माझी

“गाठ कॅन्सरची आहे. स्तन काढावा लागेल,” डॉक्टर म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना तातडीनं खाली बोलावलं. विष घेतलेल्या एका शेतकऱ्याला आणलं होतं. त्या वर्षांत अमरावतीच्या दवाखान्यांत हे नेहमीचंच झालं होतं. मी आणि माझे पती त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलो. परत आल्यावर ते घटाघटा पाणी प्यायले आणि त्यांनी माझी फाइल उघडली. खाली काय झालं, हे आम्ही विचारलं नाही.

मी नसीम, अकोल्यात घरी शिवणकाम करते. ‘मास्टेक्टॉमी’ झाली, म्हणजे उजवा स्तन काढला. टाके निघाले, पण हात खांद्याच्या वर जाईना. माझी वेणी मुलगी घालू लागली.

किरणोपचारासाठी अमरावतीला मामेबहिणीकडे राहिले. तिथे दवाखान्यातल्या बाकावर शोभाताई भेटल्या. अमरावतीजवळच्या भातकुलीच्या, शेतकरी घरातल्या, माझ्याहून मोठ्या. त्यांचंही तेच ऑपरेशन, डाव्या बाजूचं.

“तुहा हात कुठवर जाते?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी दाखवलं. “मग माह्यावानीच हाय,” म्हणून त्या हसल्या.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम योगही शिकवत. मी घरी उठल्याबरोबर ताडासन करून हात ताणायची. व्रण ओढला जायचा, दिवसभर ठणका लागायचा. मॅडम म्हणाल्या, “आसनं बरोबर आहेत, क्रम चुकतोय. खांदा मोकळा झाल्याशिवाय त्याला वर जायला सांगू नका. आणि एकमेकींचा क्रम उचलू नका.”

मग मी माझा क्रम जुळवत गेले. आधी पडून श्वास, मग खांदे फिरवणं, भिंतीवर बोटं चढवणं, त्यानंतर ताडासन. शेवटी बालासन, म्हणजे गुडघ्यांवर बसून पुढे वाकणं, आणि शवासन.

शोभाताईंचं उलटं. “एकदा निजली का मले उठवत नाही, बाई. मी उभ्यानंच सुरू करीन.” शवासनाचं तर नावच नको. “जितेपणी मढं काहून व्हाचं?” त्याऐवजी त्या डोळे मिटून खुर्चीवर बसत. मॅडमनी ते मान्य केलं.

हळूहळू माझा हात कानापर्यंत आला. ज्या दिवशी मी स्वतः वेणी घातली, त्या दिवशी शोभाताईंनी ती बाकावरच्या सगळ्या बायकांना दाखवली.

उपचार संपले. तपासणीला अमरावतीला आले की मी भातकुलीला जायची. एकदा त्या कंबर धरून बसलेल्या दिसल्या. “आसनानंच भरली असन,” म्हणाल्या. ते दुखणं आसनाचं नव्हतं. ‘मेटास्टॅसिस’, म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरणं. तो त्यांच्या मणक्यात गेला होता. डॉक्टरांनी बजावलं, “आता वाकायचं नाही, पिळायचं नाही.” हे वाचणाऱ्या तुम्हालाही नवं दुखणं जाणवलं, तर आसनांवर ढकलू नका. लगेच डॉक्टरांना सांगा.

मग आम्ही त्यांच्या क्रमातून एकेक आसन काढत गेलो. पुढे वाकणं गेलं. भिंत गेली. उभं राहणं गेलं, तेव्हा सून आत गेल्यावर त्या माझा हात धरून रडल्या. शेवटी श्वास तेवढा उरला.

शेवटच्या भेटीत त्यांना श्वास मोजणंही जड जात होतं. “आज तू कर, नसीम. मले पाहू दे.”

त्यांच्या खाटेजवळ चादर टाकून मी माझा सगळा क्रम केला. बालासनात कपाळ टेकलं आणि मला रडू फुटलं. वरून त्यांचा आवाज आला, “घाई नोको करू. रडून घे, मंग उठ.”

काही दिवसांनी त्या गेल्याचा सुनेचा फोन आला. त्यानंतर बरेच दिवस मी आसनांसाठी चादर अंथरलीच नाही. मग एका सकाळी खांदा आखडलेला जाणवला, म्हणून पडून नुसता श्वास घेतला. पुढची आसनं जमायला आणखी वेळ लागला.

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “सगळं ठीक आहे.” त्यांचे, मॅडमचे उपकार आहेतच. तरी बाहेर आल्यावर हे सांगावं असं माणूस बाकावर नव्हतं.

तिथे एक नवी बाई हात छातीशी धरून बसली होती. तिला आपली आसनं दाखवावीत, असं मनात आलं. पण आधी मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, “कुठं दुखते?”

ती सांगू लागली. मी ऐकत राहिले.