कुशच्या वाळूतून आणलेला सेनेब

तामित आमच्या स्वेनेत गावची, माझी शेजारीण. भाकऱ्या भाजायची, जवाची दारू गाळायची. नवरा सेनेब फेरोच्या सैन्यात भालाईत होता. दक्षिणेकडच्या कुश देशावरची स्वारी जिंकून सैन्य परतलं. सोनं आलं, गुरं आली, कोपराला कोपर बांधलेली माणसं आली. सेनेब नाही आला.

"तापानं गेला. तिथंच पुरला," तुकडीचा नायक म्हणाला.

"तिथं म्हणजे कुठं?" तामितनं विचारलं.

"वाळूत. आता प्रत्येकाची जागा ध्यानात ठेवू काय?"

"परमुलखात पडलेल्याला घरच्यांनी वाहिलेलं पाणीसुद्धा पोचत नाही. मी आणते त्याला."

"अगं, तो रस्ता बाईमाणसाचा नाही."

"बाप्यांचा होता ना? मग का नाही आणलात?"

भावाचं गाढव घेऊन ती निघालीच. दक्षिणेच्या गढीकडे रसद चालली होती, त्या तांड्याच्या भाकऱ्या भाजत ती पोचली. गढीत कुणाला काही ठाऊक नव्हतं. पलीकडच्या जळक्या गावात मात्र तेरिखे नावाची म्हातारी भेटली. तिला आमची भाषा मोडकीतोडकी यायची. तिनं बाभळीखालचा दगडांचा ढीग दाखवला.

"तुमच्यांनी पुरला कुठं? जिवंत टाकून गेले. मी पाणी पाजलं. तामित, तामित करत होता. गेला, मग कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून दगड रचले."

तामित त्या दगडांपाशी खाली बसली. "आमच्याच लोकांनी तुझं घर जाळलं, मावशी."

"जाळलं. माझा लेक बांधून नेला. तालख. डावा कान फाटलेला. त्यालाही कुणी घोटभर पाणी द्यावं, एवढंच मनात होतं."

कोरड्या वाळूत देह टिकून होता. तामितनं तो तागाच्या कापडात गुंडाळला, गाढवावर घातला आणि स्वेनेतला आणून रीतीनं पुरला. आम्हाला वाटलं, आता बसेल निवांत. तर ही भाकऱ्यांची टोपली घेऊन दगडांच्या खाणीवर हजर! युद्धकैदी तिथं राबत. फाटक्या कानाचा तालख सापडला, पण तिनं पुढं केलेल्या भाकरीवर थुंकला. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा गेली.

"तेरिखे जिवंत आहे," ती म्हणाली. मग त्यानं भाकरी घेतली, आणि खाता खाता रडला.

धान्य दळायला माणूस हवा म्हणून तिनं मुकादमाचा इतका पिच्छा पुरवला, की त्यानं वैतागून तालखला तिच्या हवाली केलं. नदीचा पूर ओसरला, वाट मोकळी झाली आणि एके सकाळी तालख दिसेनासा झाला.

शिपायांनी तामितला चौकशीला नेलं. तळपायांवर छड्या बसल्या.

"कैदी कुठं गेला?"

"आईकडे."

"कुणी सोडला?"

"मी."

आणखी छड्या बसल्या. तिनं शब्द फिरवला नाही. आम्ही चौघींनी तिला उचलून घरी आणलं, पायांना मध-चरबीचा लेप लावला. तर म्हणते, "भट्टी विझू देऊ नका गं. पीठ फुगलंय."