सुवर्णासोबत कोण?

माझे वडील, अप्पा, स्वतःहून कधी फोन करत नाहीत. त्या सकाळी उदगीरहून त्यांचा फोन आला. माझ्या भावजयीला, सुवर्णाला, नववा लागला होता. "तिला काही झालं का?" मी विचारलं. "तिला न्हाई..." अप्पा म्हणाले, "आपला मनू गेला." माझा धाकटा भाऊ आडत दुकानात उभ्या उभ्या कोसळला होता. नांदेडहून एसटीनं गेले, पण रस्ता काही आठवत नाही.

सुवर्णाला दिवस गेले तसा मनू बदललाच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्यात तिची आई मुखेडहून न्यायला आली, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "डॉक्टर इथं, मी इथं, मग ती तिकडं कशाला?" बिचारी रुसून परत गेली. दर तपासणीला तो दुकान सोडून जायचा. दवाखान्यातल्या बाकड्यावर पोटुशा बायांत हा एकटा बाप्या. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, हाही हसायचा. फोडणीचा वास तिला सोसेना, म्हणून गच्चीवर शेगडी नेऊन स्वतः वरण-भात शिजवायचा. वरण बहुतेक वेळा करपलेलं. तरी ती खायची.

एकदा मी गेले, तर हा तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबत बसलेला. अप्पा उंबऱ्यातूनच मागं फिरले. "बायकांची कामं करून राहिला. आम्हाला न्हाई झाली लेकरं?" मनू शांतपणे म्हणाला, "अप्पा, लेकरू काय तिच्या एकटीचं हाय?" आई पदराआड हसली. माझ्या जन्माच्या वेळी अप्पा थेट बारशालाच उगवले होते, हे तिनं कितीदा तरी सांगितलंय. आणि खरं सांगू, मला सुवर्णाचा हेवा वाटला. माझ्या दोन्ही वेळेला नवऱ्यानं मला एसटीत बसवून दिलं, "पोचलीस की कळव" म्हणाला, झालं त्याचं कर्तव्य.

बाळंतपणाच्या खोलीत थांबायची परवानगीही मनूनं डॉक्टरीणबाईंकडून काढली होती. "अक्का, मी तिचा हात सोडणार न्हाई," असं मला फोनवर म्हणाला होता. तो गेल्यावर सुवर्णाचं तेवढंच पालुपद, "आता माझ्यासोबत कोण?" कळा सुरू झाल्या तेव्हा आत मी गेले. तिनं हात माझा धरला, हाक मात्र त्यालाच मारत होती. मी ती हाक ऐकत उभी राहिले, मनातल्या मनात देवाला शिव्या देत.

मुलगी झाली. नर्स तिला गुंडाळून दाराबाहेर घेऊन गेली आणि नेहमीच्या सवयीनं ओरडली, "बाळाचे वडील कोण? या पुढं." दारातून मला दिसत होतं... कुणीच हललं नाही. मग अप्पा उठले. हात धोतराला पुसत म्हणाले, "बाप न्हाई. आजा हाय. माझ्याकडं द्या." रडून संपलं असं वाटत होतं, तेव्हा मला पुन्हा हुंदका फुटला.

आता रोज सकाळी अप्पा मोरीपाशी बसून बाळाची दुपटी धुतात. परवा आई म्हणाली, "सोडा, मी धुते." त्यांनी मान वर केली नाही. "मनूचं काम हाय हे. तो येईस्तोवर..." मग पिळून ठेवलेलं दुपटं त्यांनी पुन्हा पाण्यात बुडवलं आणि धुवायला लागले.