बर्फाला कसली बंदी?

एके सकाळी हसनभाईंच्या लेकीचा, रुख्सानाचा फोन आला. "अंकल... अब्बा इज नो मोअर." बहारीनच्या शाळेत शिकलेली पोर, मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीच. त्या फोनला आता पाच-सहा आठवडे झाले. फोन ठेवून मी पोटभर रडलो. पण हसनभाईंची आठवण अशी, की फार वेळ रडूच देत नाही. जरा वेळाने एखादा किस्सा आठवतो आणि हसू फुटतं.

नव्वदीच्या दशकात बहारीनमध्ये, मनामातल्या एका ट्रेडिंग कंपनीत आम्ही दोघं होतो. मी गुहागरकडचा, ऑफिसात कारकून. हसनभाई दापोलीकडचे, गोदाम त्यांच्या ताब्यात. अमेरिकेतल्या एका कंपनीकडून बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर आमच्याकडे यायचे. मग अमेरिकेने इराणशी व्यापार बंद केला. आम्हाला वाटलं, आता धंदा बसला. झालं उलटंच. पूर्वी तिकडे थेट जाणारा मालही आता बहारीनच्या नावाने आमच्याकडे यायला लागला. गोदामात पेट्यांवरच्या खुणा रंगाने पुसायच्या, की लाकडी गलबतं त्या पलीकडे इराणच्या किनाऱ्यावर पोचवायची. कहर म्हणजे अमेरिकेहून आलेल्या पेटीतलं माहितीपुस्तक इराणच्या फारसीत! हसनभाईंना उर्दूमुळे लिपी ओळखीची. ते अक्षरं लावून मला वाचून दाखवायचे आणि गदागदा हसायचे. "सावंता, दार लावलंय म्हनतात, नि खिडकीतना हाक मारतात!"

त्यांची स्वतःची समजूत साधी होती. "मच्छीवाल्याला बर्फ लागतो. बर्फाला कसली बंदी?" माल पाठवण्यात त्यांना पाप दिसत नव्हतं. खोटं बोलण्यात मात्र दिसायचं, आणि तिथेच घोडं अडलं.

एकदा अमेरिकेहून तपासणीला साहेब येणार असं कळलं. मॅनेजरने हसनभाईंना बोलावून बजावलं, "साब पूछेगा माल किधर जाता है. बोलना, सब इधर ही बिकता है. दूसरा कुछ बोला तो विसा खलास." मनामाच्या नईम भागातल्या दोन खोल्यांत त्यांची बायको जुबेदाभाभी आणि शाळकरी रुख्साना होत्या, विसा गेला तर तिघांचंही बहारीन संपलं. हसनभाई बाहेर येऊन मला म्हणाले, "मना झूट बोलता येनार नाय रे."

"मग गप्प बसा."

"विचारल्यावर गप्प बसनं म्हंजे झूटच की."

या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं असं वाटलं मला.

साहेब आला. उंच, गुलाबी, घामाने निथळणारा. गोदामभर फिरला आणि त्याने विचारलंच, "हा माल जातो कुठे?" मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. हसनभाई म्हणाले, "सर, फर्स्ट इटिंग. माय हाउस." पाहुण्याला उपाशीपोटी उत्तर द्यायचं नाही, मग ते बरं असो की वाईट, ही त्यांच्या घरची रीतच होती. मॅनेजरला वाटलं, काय हुशारीने टाळलं! खूश होऊन त्याने मलाही सोबत धाडलं.

भाभींनी तांदळाची वाफवलेली सांदणं आणि मटण केलं होतं. साहेब आधी काट्याने जेवला, मग हाताने, मग दोन्ही हातांनी. हात धुऊन तो टेकला, तसे हसनभाई सरसावून बसले. "सर, यू आस्किंग. ऑल गोइंग इराण."

दाराशी उभ्या असलेल्या भाभींनी ओढणी तोंडाला लावली. साहेब शांतपणे म्हणाला, "तुमचा एसी फार आवाज करतो. मला काही ऐकू आलं नाही."

तर या भल्या माणसाने काय करावं? उठून एसी बंद केला! ऐन ऑगस्टच्या दुपारी! आणि खणखणीत आवाजात, "सर, इराण!"

साहेबाच्या कपाळावरून धारा लागल्या. मग तो जो हसत सुटला... "हसन, कंपनीने मला विचारायला पाठवलंय, ऐकायला नाही. आता तो एसी लाव, आणि अजून एक सांदण दे."

विसा वाचला. साहेबाने जाताना हसनभाईंची इतकी तारीफ केली की त्यांना हात लावायची मॅनेजरची छाती झाली नाही. पुढची खेप तर आणखी मोठी आली. तो किस्सा निघाला की आम्ही पोट धरून हसायचो. हसनभाईही हसायचे, पण जरा कोड्यात पडल्यासारखे. "ऐकायचाच नव्हता, तर विचारलान कशाला?" हे काही त्यांना कधी उमगलं नाही.

बहारीन सुटून आम्हाला बरीच वर्षं झाली. यंदा ते आजारी पडले, दापोलीजवळच्या आपल्या घरी. फार दिवस उरले नाहीत, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. हसनभाईंना मात्र अल्सर आहे म्हणून सांगून ठेवलेलं. मी भेटायला गेलो, तर त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं आणि पडवीत सगळे कुजबुजत बसलेले. आत गेलो. त्यांनी माझा हात धरला. "सावंता, मना काय झालाय?"

भाभी मागून, सांगू नका म्हणून खुणा करत होत्या. पण या माणसाशी खोटं कसं बोलायचं... मी खरं ते सांगितलं. ते कोपरावर जोर देऊन उठून बसले. मग म्हणाले, "बरा झाला, सांगितलास." आणि जोरात हाक मारली, "सगळी आत या! दार उघडा टाका. आता काय लपवायचा नाय." सगळे आत आले. रडारड झाली, मग चहा झाला, आणि कित्येक दिवसांनी त्या घरात मोकळ्या गप्पा रंगल्या. शेवटपर्यंत रंगत राहिल्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. त्यांच्या खोलीतला पलंग आवरलेला, चादरीची घडी पायथ्याशी. दार वाऱ्याने सारखं आपटत होतं. मी कडी घालायला उठलो, तर भाभी म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या भाऊ, उघडाच. त्यांनी सांगितलाय."